बाटली नंबर ५३-एन

बाभुळगावहून मी बोलतोय. म्हणजे बोललो होतो, आता लिहून देतोय. बसमध्ये इअरफोन नसतो, रेंज नसते, म्हणून बरेच जण एपिसोड वाचायला मागतात, त्यांच्यासाठी हे. बोलताना मी जी फालतू बडबड केली होती ती थोडी छाटलीय, सगळी नाही.

आजचा विषय ऐकून तुम्ही स्क्रोल कराल, म्हणून आधीच सांगतो, थांबा. विषय आहे लॅबमधली पातळ पदार्थ मोजून देणारी साधनं. पिपेट, ब्युरेट, डिस्पेन्सर, बाटल्या, बुचं. आणि ती धुणं, जपणं. झालं, रुक्ष वाटलं ना? पण एका न भाजलेल्या चिमट्यापायी १९ माणसं मेली आणि परळच्या एका जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाला नोकरीवरून घरी जावं लागलं, ही गोष्ट याच विषयात बसते.

बारावी सायन्सवाले हात वर करा. टायट्रेशनचं प्रॅक्टिकल आठवतं? ब्युरेट आधी पाण्यानं धुवायची, मग जे द्रावण भरायचं त्याच द्रावणानं विसळायची. पिपेटचंही तसंच. पण खालचा शंकूसारखा चंबू मात्र फक्त पाण्यानं. काहून? कारण ब्युरेटच्या भिंतीला पाणी राहिलं तर आतलं द्रावण पातळ होतं आणि रीडिंग चुकतं. चंबूत थोडं पाणी राहिलं तर काही बिघडत नाही, कारण त्यात आपण पिपेटनं मोजूनच टाकलेलं असतं. हा प्रश्न तोंडी परीक्षेला हमखास येतो. पण जर्नल काढून बघा. उद्देश आहे, साहित्य आहे, कृती, निरीक्षण, अनुमान, सगळं आहे. 'कुणी धुतलं, कधी धुतलं' असा रकाना कुठंच नाही.

मी स्वतः एका खाजगी टेस्टिंग लॅबमध्ये दीड वर्ष ॲटेंडंट होतो. नाव सांगत नाही. तिथं रिझल्ट बरोबर आला की तो केमिस्टचा असायचा आणि चुकला की 'काचसामान नीट धुतलं नसेल' असं ऐकू यायचं. म्हणून पुढची गोष्ट मी जरा वेगळ्या नजरेनं वाचतो, हे आधीच कबूल.

चला, १८९६. मुंबईत प्लेग आला. मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. माणसं शहर सोडून पळायला लागली. सरकारनं कलकत्त्याला कॉलऱ्याच्या लशीवर काम करणाऱ्या एका माणसाला बोलावून घेतलं. वाल्डेमार हाफकिन. जन्म ओडेसाचा, ज्यू, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये घडलेला. त्याला ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये जागा दिली ती किती? एक खोली आणि एक व्हरांडा. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. त्या तीन शिपायांची नावं मला कुठल्याही पुस्तकात दिसली नाहीत. पण भांडी धुणारे हात बहुतेक त्यांचेच असणार.

लस बनायची कशी, ते ऐकाच. मोठ्या चंबूत मांसाचा रस घ्यायचा, त्यावर तूप सोडायचं. हो, आपलं तूप! ते वर तरंगायचं आणि त्याच्या खाली प्लेगचे जंतू लोंबत्या झुंबरासारखे वाढायचे. चंबू हलवला की झुंबर तुटून खाली बसायचं, वर परत नवीन धरायचं. काही आठवडे असं चाललं की सगळं तापवून जंतू मारायचे आणि ते पाणी छोट्या बाटल्यांत भरायचं. आता विचार करा, अशा पौष्टिक रसात दुसरा एखादा जंतू पडला तर तोही मजेत वाढणार. म्हणजे या लशीचा सगळा जीव भांड्याच्या स्वच्छतेत होता. १० जानेवारी १८९७ ला हाफकिननं पहिलं इंजेक्शन स्वतःला घेतलं. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वयंसेवक कैद्यांना दिलं. १८९९ मध्ये लॅब परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. आजची हाफकिन संस्था ती हीच.

१९०२ साली पंजाबात प्लेग भडकला आणि तिकडून लाखांनी डोसची मागणी आली. आतापर्यंत लशीत कार्बोलिक ॲसिड घालायचे. हाफकिननं ते बंद केलं आणि नुसत्या उष्णतेवर भर दिला, कारण काम लवकर व्हायचं. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ही पद्धत दोन वर्षं चालू होती. इंग्रज अधिकाऱ्यांना मात्र ती नवीन होती.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुल्कोवाल गाव, आज ते पाकिस्तानात आहे. त्या दिवशी १०७ जणांना लस टोचली, पाच बाटल्यांमधून. चार बाटल्यांवाले ठणठणीत. पाचव्या बाटलीवर नंबर होता ५३-एन. त्या बाटलीतून १९ जणांना टोचलं होतं. आठवडाभरात त्यांना धनुर्वात झाला. १९ च्या १९ गेले.

(आपलं बाभुळगाव तेव्हा वऱ्हाडात. त्याच आठवड्यात, ५ नोव्हेंबरला, निझामानं वऱ्हाड इंग्रजांना कायमचं पट्ट्यानं दिलं, वर्षाला २५ लाख रुपयांवर. आपल्याकडं हीच बातमी मोठी. मुल्कोवालची कुणाच्या कानावर आली असेल?)

मग चौकशी बसली. अध्यक्ष कोण, तर मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स. प्रश्न एकच होता : घाण बाटलीत गेली कुठं? परळला बाटली भरताना, की मुल्कोवालला बाटली उघडताना? बाटली भरून ४१ दिवस झाले होते. समितीचा कल परळकडं गेला. कार्बोलिक का काढलं, हा ठपका होताच. हाफकिनला लॅबच्या प्रमुखपदावरून काढलं, रजेवर पाठवलं. तो युरोपला गेला आणि वर्षानुवर्षं आपली बाजू मांडत राहिला. काही लोक याला 'छोटं ड्रेफस प्रकरण' म्हणायचे. फ्रान्समध्ये ड्रेफस नावाच्या ज्यू अधिकाऱ्याला खोट्या आरोपात अडकवलं होतं, त्यावरून.

आणि मग साक्षीच्या कागदांतून एक छोटी गोष्ट वर आली. मुल्कोवालला बाटलीचं बूच ओढायच्या चिमट्याचं काय झालं होतं? तर तो मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. त्यानं तो उचलला, कार्बोलिकच्या पाण्यात हलवला आणि त्यानंच बूच काढलं. ज्योतीतून काढला नाही. सगळा फरक तेवढाच. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि त्यांचे बीजाणू भलते चिवट. कार्बोलिकमध्ये तासन्‌तास ठेवले तरी टिकतात, मग नुसतं खळबळून काय होणार? आगीत मात्र जळतात. दुसरा पुरावा वासाचा. हे जंतू ४१ दिवस बाटलीत वाढले असते तर उघडताच घाण वास आला असता. टोचणाऱ्या डॉक्टरांना तसा वास आलेला नव्हता.

मलेरियावर नोबेल मिळवलेला रोनाल्ड रॉस हाफकिनच्या बाजूनं पेटून उठला. २९ जुलै १९०७ ला लंडनच्या 'टाइम्स'मध्ये त्याच्यासह दहा शास्त्रज्ञांचं पत्र छापून आलं. त्याच वर्षी हाफकिनवरचा ठपका पुसला गेला. तो भारतात परत आला, पण परळला नाही, कलकत्त्याला. १९१४ ला निवृत्त झाला. १९२५ मध्ये परळच्या लॅबला त्याचं नाव दिलं, १९३० मध्ये तो स्वित्झर्लंडमधल्या लोझानला वारला.

हाफकिन सुटला, चांगलं झालं. पुरावा बघता दोष परळचा नव्हता, हे मलाही पटतं. पण दोष शेवटी कुठं जाऊन थांबला बघा. सगळ्यात खालच्या माणसापाशी. शंभराहून जास्त लोक ओळीनं बसलेत, प्लेगची भीती आहे, हातात मोजका सामान आहे आणि चिमटा पडला. 'धुणं' आणि 'निर्जंतुक करणं' ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला कुणी किती समजावून सांगितलं होतं? चिमटा पडला तर काय करायचं, याला दुसरा तयार चिमटा होता का? हे प्रश्न 'टाइम्स'च्या पत्राचे नव्हते, त्यांना हाफकिनला वाचवायचं होतं. माझे आहेत.

आणि जुनी गोष्ट म्हणून सोडू नका. ३१ जानेवारी २०२१ ला आपल्याच जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यात, पोलिओच्या थेंबांऐवजी १२ लहान मुलांना सॅनिटायझरचे थेंब गेले. मुलं बरी झाली, नशीब. कारवाईच्या बातम्यांत कोण होतं? डॉक्टर, अंगणवाडी सेविका, आशा.

आता बाटलीकडून पिपेटकडं. मुल्कोवालमध्ये धोका सुई टोचून घेणाऱ्याला होता. लॅबमध्ये तो काम करणाऱ्यालाच असायचा, कारण पिपेट तोंडानं ओढायचे. खरंच. काचेची नळी तोंडात धरायची, स्ट्रॉनं रसवंतीचा रस ओढतो तशी ओढायची, खुणेपर्यंत आलं की वरून बोटानं दाबायचं. नळीत ॲसिड असो, रक्त असो नाहीतर टायफॉइडचे जंतू. एक घोट जास्त आला की संपलं! अशानं लॅबमधली माणसं आजारी पडल्याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासून आहेत, तरी पद्धत चालूच. १९५७ मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गला हाइन्रिश श्निट्गर नावाचा तरुण डॉक्टर या ओढण्याला वैतागला. त्यानं स्प्रिंग आणि दट्ट्या लावून अंगठ्यानं दाबायची पिपेट बनवली. टोकाला बदलता येणारी प्लॅस्टिकची टिप. द्रावण टिपमध्येच राहतं, दट्ट्यापर्यंत जात नाही. एका फटक्यात दोन गोष्टी झाल्या : तोंड सुटलं आणि नळी धुण्याचं बरंचसं काम गेलं, टिप फेकली की झालं. हॅम्बुर्गच्या एपेनडॉर्फ कंपनीनं ती बाजारात आणली. कोविडमध्ये टीव्हीवर लॅबचं जे दृश्य दिसायचं, निळे हातमोजे आणि हातात पेनासारखं काहीतरी, ते हेच.

पण धुणं संपलं का? नाही ना बावा. बाटलीच्या तोंडावर बसवायचा डिस्पेन्सर घ्या. वर ओढला, खाली दाबला की मोजून १० मिली बाहेर. त्यात कॉस्टिक सोडा भरून शनिवारी तसाच सोडून गेलात तर सोमवारी झडपेत पांढरे खडे. दट्ट्या हलत नाही. जोर लावला की काच तडकते आणि कॉस्टिक अंगावर. म्हणून काम झालं की बाटली रिकामी करून डिस्टिल्ड वॉटर पाच-सहा वेळा ओढून सोडायचं. वापरण्याआधी पहिले काही दाब वेगळ्या भांड्यात घालवायचे, कारण आत हवेचा बुडबुडा असेल तर १० मिलीचे साडेनऊच येतात आणि दिसायला सगळं बरोबर. ब्युरेटवर परमँगनेटचा तपकिरी डाग पडला तर ऑक्झॅलिक ॲसिडनं जातो. पूर्वी काच चकचकीत करायला क्रोमिक ॲसिड वापरायचे. ते आता टाळतात, त्यातलं क्रोमियम कॅन्सरकारक आहे. म्हणजे स्वच्छतेपायी धुणाऱ्याचाच जीव!

आणि मोजमाप बरोबर येतंय का, हे बघायला महागडं काही लागत नाही. चांगला काटा पाहिजे. २५ अंशाला १० मिली शुद्ध पाण्याचं वजन १० ग्रॅमहून जरासं कमी भरतं, साधारण ९.९७. दहा वेळा टाका, दहा वेळा वजन करा, वहीत लिहा. सही आणि तारीख टाका.

ती वहीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मी जिथं होतो तिथं नव्हती. मी माझी एक दोनशे पानी घेतली होती, स्वतःच्या पैशानं, आणि रोज लिहायचो : अमुक डिस्पेन्सर, अमुक वाजता, पाण्यानं सहा वेळा. पुढच्या वेळी रिझल्ट बिघडल्यावर वही टेबलावर ठेवली. मग शोध दुसरीकडं सुरू झाला. सापडलं ते एका जुन्या द्रावणाच्या बाटलीत.

लॅबमध्ये काम करणारे ऐकत असाल, डीएमएलटी करणारे, दूध संकलन केंद्रावरचे, माती परीक्षणवाले, तर मला लिहून पाठवा : तुमच्याकडं 'कुणी धुतलं' हा रकाना आहे का, आणि असला तर त्यात सही कोणाची असते? फोटो नका पाठवू, तुमचे साहेब चिडतील.