रुपयाचे नियमन आणि कायदा : माणगाव ते शिरोली

प्रस्तावना

कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यात माणगाव व शिरोली ही दोन गावे आहेत. माणगाव येथे २१ व २२ मार्च १९२० रोजी भरलेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भूषविले आणि राजर्षी शाहू छत्रपतींनी त्यांच्या नेतृत्वाला जाहीर मान्यता दिली. पंचगंगेच्या पुलापलीकडील शिरोली आज पुणे-बंगळूर महामार्गालगतच्या औद्योगिक वसाहतीमुळे आणि तेथील फौंड्री उद्योगामुळे ओळखली जाते. सामाजिक इतिहासाचा अभ्यासक पहिल्या गावाकडे वळतो, तर उद्योगाचा अभ्यासक दुसऱ्याकडे. या दोहोंना जोडणारा एक विषय मात्र सहसा दुर्लक्षित राहतो. तो म्हणजे रुपयाच्या नियमनाचा. रुपया किती निर्माण करावा, त्याचे मोल कोणी ठरवावे आणि हा अधिकार कायद्याने कितपत बांधलेला असावा, या प्रश्नांचा ऐतिहासिक मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

चलनाची पार्श्वभूमी आणि आंबेडकरांचा आक्षेप

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चांदीचे भाव घसरत गेले आणि त्याबरोबर रुपयाचा विनिमयदरही उतरला. इंग्लंडमध्ये पौंडात भरावयाच्या रकमांचा बोजा वाढल्याने हिंदुस्थान सरकारने हर्शेल समितीच्या शिफारशीवरून १८९३ मध्ये टांकसाळी खासगी चांदीसाठी बंद केल्या. त्यापूर्वी कोणालाही चांदी देऊन रुपये पाडून घेता येत होते. यापुढे रुपया किती पाडावयाचा हे सरकारच ठरवू लागले. पुढे एक रुपया बरोबर १ शिलिंग ४ पेन्स हा दर स्थिरावला आणि सुवर्ण विनिमय परिमाण या नावाची व्यवस्था रूढ झाली. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ मधील आपल्या ग्रंथात या व्यवस्थेची तरफदारी केली.

आंबेडकर १९२० मध्ये अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले. या कामी त्यांना शाहू महाराजांचे साहाय्य लाभले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला व त्याला प्रा. एडविन कॅनन यांची प्रस्तावना लाभली. ६ मे १९२२ रोजी निधन पावलेले शाहू महाराज मात्र तो पाहू शकले नाहीत.

या ग्रंथातील मूळ आक्षेप असा, की सुवर्ण विनिमय परिमाणात चलन काढणाऱ्याच्या हाताला कायद्याचा लगाम राहत नाही. सरकारला वाटेल तेव्हा रुपये पाडता येतात. रुपये वाढले की किमती चढतात, परंतु मजुरी त्या वेगाने चढत नाही. रुपयाचा दर घसरल्यामुळे निर्यातदाराला जो लाभ होतो असे म्हटले जाते, तो अंतिमतः मजुराच्या पदरातून काढलेला असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणूनच रुपये पाडणे कायमचे बंद करावे, सुवर्णनाण्यासाठी टांकसाळ खुली करावी आणि दोहोंमधील प्रमाण कायद्याने निश्चित करावे, असा उपाय त्यांनी सुचविला.

हिल्टन यंग आयोग : एक प्रचलित समज

ऑगस्ट १९२५ मध्ये नियुक्त झालेल्या हिल्टन यंग आयोगापुढे आंबेडकरांनी १५ डिसेंबर १९२५ रोजी साक्ष दिली. १९२६ च्या अहवालात आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली. यावरून रिझर्व्ह बँक ही आंबेडकरांच्या ग्रंथाच्या आधारे स्थापन झाली, असे अनेकदा लिहिले जाते. या विधानामागील आदर समजण्यासारखा असला तरी त्यामुळे ग्रंथाचा खरा आशय झाकला जातो. चलनाचे कुशल व्यवस्थापन करणारी संस्था उभारा, हा त्या ग्रंथाचा मुख्य आग्रह नव्हता. व्यवस्थापकाच्या मर्जीला वावच उरू नये, हा होता. आयोगाने सुवर्णनाण्याचा मार्ग स्वीकारला नाही. रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स असावा, असे त्याने ठरविले. सर पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनी या दराविरुद्ध भिन्नमतपत्रिका जोडली. आंबेडकरांचे मोठेपण संस्थेच्या जनकत्वात शोधण्यापेक्षा त्या संस्थेला आजही लागू पडणाऱ्या प्रश्नात शोधणे अधिक न्याय्य ठरेल.

त्यांचा सुवर्णाचा उपाय काळाच्या ओघात मागे पडला, हेही नमूद केले पाहिजे. सप्टेंबर १९३१ मध्ये खुद्द ब्रिटननेच सुवर्ण परिमाण सोडले आणि रुपया स्टर्लिंगशी बांधला गेला. उपाय कालबाह्य झाला. निदान मात्र कालबाह्य झाले नाही.

रिझर्व्ह बँक कायदा आणि सरकार

१९२७ व १९२८ मधील विधेयके तडीस गेली नाहीत. बँक भागधारकांची असावी की सरकारची, आणि तिच्या संचालक मंडळावर कायदेमंडळाचा वचक असावा की नसावा, यांवर तीव्र मतभेद होते. अखेर १९३४ चा कायदा होऊन १ एप्रिल १९३५ रोजी ५ कोटी रुपये भांडवलाची भागधारकांची बँक कार्यरत झाली. कागदोपत्री ती स्वतंत्र होती. तथापि पहिले गव्हर्नर सर ऑस्बोर्न स्मिथ यांना सरकारच्या अर्थसदस्यांशी झालेल्या मतभेदांमुळे मुदतीपूर्वीच पायउतार व्हावे लागले. पहिले भारतीय गव्हर्नर होण्याचा मान १९४३ मध्ये रायगड जिल्ह्यात जन्मलेल्या चिंतामणराव देशमुखांना मिळाला. त्यांच्याच कारकिर्दीत १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले आणि गव्हर्नरशी विचारविनिमय करून लोकहितार्थ बँकेला निर्देश देण्याचा अधिकार कलम ७ अन्वये केंद्र सरकारला प्राप्त झाला.

यानंतर कायद्याचा लगाम क्रमशः सैल होत गेला. मूळ कायद्यात नोटांच्या प्रमाणात राखीव साठा ठेवण्याचे बंधन होते. १९५६ मध्ये ते काढून ठरावीक किमान साठ्याची पद्धत आली आणि १९५७ मध्ये हा साठा ११५ कोटींच्या सोन्यासह अवघ्या २०० कोटींवर आणला गेला. नोटा कितीही वाढल्या तरी साठा तेवढाच पुरेसा ठरू लागला. १९५५ पासून सरकारची शिल्लक ठरावीक मर्यादेखाली गेली की तात्पुरती कोषागार बिले आपोआप निघत आणि बँकेकडून पैसा मिळे. सरकारच्या तुटीचे रूपांतर चलनात करणारी ही वाट प्रशासकीय समजुतीतून पडली होती. ती १९९७ मध्ये बंद झाली. पुढे २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्याने १ एप्रिल २००६ पासून, अपवादात्मक परिस्थिती वगळता, बँकेला सरकारचे रोखे थेट विकत घेण्यास मनाई केली. आंबेडकरांनी मागितलेला लगाम सोन्याऐवजी संसदेच्या कायद्यातून, तोही अंशतः, परत आला.

निश्चलनीकरण आणि कोल्हापूर

या लगामाची खरी कसोटी ८ नोव्हेंबर २०१६ रोजी लागली. १९४६ मध्ये वटहुकमाने व १९७८ मध्ये वटहुकूम आणि त्यानंतरच्या कायद्याने मोठ्या नोटा रद्द झाल्या होत्या. २०१६ मध्ये मात्र चलनातील सुमारे ८६ टक्के मूल्याच्या नोटा कलम २६(२) खालील अधिसूचनेने रद्द झाल्या.

१४ नोव्हेंबर २०१६ रोजी जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास वा बदलून देण्यास मनाई करण्यात आली. कोल्हापूरसारख्या जिल्ह्यात शेतकऱ्याचे पीककर्ज व ऊसबिल गावच्या सेवा संस्थेमार्फत याच बँकेशी निगडित असते. त्यामुळे एकाच कायद्याखालील दोन नागरिकांपैकी व्यापारी बँकेच्या खातेदाराला एक आणि सहकारी बँकेच्या खातेदाराला दुसरा न्याय मिळाला. दरम्यानच्या काळात स्वीकारलेल्या नोटा भरण्यास जून २०१७ मध्ये परवानगी मिळाली. परंतु ८ नोव्हेंबरला तिजोरीत असलेल्या जुन्या नोटांचा प्रश्न सुटला नाही. राज्यातील ८ जिल्हा बँकांकडे अशा सुमारे ११२ कोटींच्या नोटा होत्या व त्यांत कोल्हापूरचा वाटा २५ कोटींहून अधिक होता. ही रक्कम तोटा म्हणून दाखवावी, अशी भूमिका २०१८ मध्ये नाबार्डने घेतली.

औद्योगिक वसाहतीत या निर्णयाचे स्वरूप निराळे होते. चालू खात्यातून आठवड्याला ५०,००० रुपये काढण्याची मर्यादा होती. रोखीने पगार देणाऱ्या, ५० कामगारांच्या कारखान्याचे उदाहरण घेतल्यास ही रक्कम दरडोई अवघी १,००० रुपये होते. मजुरीवर जगणाऱ्याला चलनातील मनमानीची झळ प्रथम लागते, हे १९२३ मधील निरीक्षण येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

२ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ अशा बहुमताने अधिसूचना वैध ठरविली. न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी भिन्न मत नोंदविले. प्रस्ताव ७ नोव्हेंबरच्या पत्राने केंद्राकडून आला व बँकेने दुसऱ्याच दिवशी शिफारस केली, याकडे लक्ष वेधून, केंद्राच्या पुढाकाराने होणाऱ्या अशा निर्णयासाठी संसदेचा कायदा वा वटहुकूमच आवश्यक आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. हे मत आज कायदा नाही; परंतु रुपयाच्या इतिहासातील एका जुन्या वादाचे ते अलीकडील रूप आहे.

व्याजदर आणि शिरोली

२०१६ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन ६ सदस्यांची पतधोरण समिती अस्तित्वात आली. ४ टक्के महागाई आणि वर-खाली २ टक्क्यांची मुभा, हे तिचे लक्ष्य ठरविण्यात आले. ऑक्टोबर २०१९ पासून सूक्ष्म व लघुउद्योगांची बदलत्या व्याजदराची नवी कर्जे बाह्य निर्देशांकाशी जोडली गेली. परिणामी मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपोदर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, तेव्हा मुंबईतील निर्णय शिरोलीसारख्या वसाहतीतील खेळत्या भांडवलाच्या व्याजापर्यंत पूर्वीपेक्षा लवकर पोहोचला. मात्र येथे लक्ष्य आधी जाहीर असते. सलग तीन तिमाहींत ते चुकल्यास बँकेला सरकारकडे लेखी कारणे द्यावी लागतात. २०२२ मध्ये तसा अहवाल द्यावा लागला. सरकारने तो प्रसिद्ध केला नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा, की चलनाचा अधिकार टांकसाळीकडून सरकारकडे व सरकारकडून बँकेकडे गेला तरी कायद्याने बांधलेली सत्ता विरुद्ध मर्जीवर चालणारी सत्ता हा संघर्ष कायम राहिला. दुसरा असा, की लवचीकता संकटसमयी उपयुक्त असते हे मान्य केले, तरी तिची किंमत कोण मोजतो याचा हिशेब लोकांसमोर मांडला गेला पाहिजे. हा हिशेब मागण्याची परंपरा कोल्हापूरला परकी नाही. ज्या विद्यार्थ्याच्या पाठीशी या संस्थानचा राजा उभा राहिला, त्याने लंडनमध्ये बसून तोच हिशेब मागितला होता. बँकेच्या स्थापनेचे श्रेय कोणाचे, या वादापेक्षा तो हिशेब आज कोण आणि कोणापुढे देतो, याचा अभ्यास होणे अधिक अगत्याचे आहे.