बर्गंडीची रेड वाइन

पूर्व फ्रान्समधील बर्गंडी प्रांतात पिनो न्वार या द्राक्षापासून होणारी उंची वाइन. पातळ सालीचे हे द्राक्ष फार नाजूक. वसंतातले हिमतुषार, गारा, बुरशी यांतले काहीच त्याला सोसत नाही. मात्र बांधापलीकडची माती बदलली की बदललेली चव तेच चोख सांगते. म्हणूनच इथल्या बाटलीवर मिरवते ते मळ्याचे किंवा गावाचे नाव. जगप्रसिद्ध रोमाने-काँती हा मळा जेमतेम १.८ हेक्टरचा! अशा मळ्यांना, म्हणजे ‘क्लिमां’ना, २०१५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात स्थान दिले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रासायनिक खते, तणनाशके आली आणि माती थकली. त्याच काळात काही जण उलट वाटेने गेले. शेजारच्या बोजोलेतील रसायनज्ञ ज्यूल शोव्हे (१९०७–१९८९) यांनी गंधकाविना, द्राक्षासोबत आलेल्या यीस्टवरच रस आंबवण्याचा अभ्यास केला. बर्गंडीतील वोन-रोमाने गावचे आँरी जाये (१९२२–२००६) वाइन न गाळताच बाटलीत भरत.

अशा नैसर्गिक पद्धतीने वाइन करताना हस्तक्षेप कमी, राखण मात्र डोळ्यांत तेल घालून. सडका मणी हाताने वेचायचा. टाकीत वर तरंगणारा सालींचा जाड थर दांड्याने, कधी पायांनी, हलकेच रसात दाबायचा. मग २२८ लिटरच्या ओक पिंपात वाइन वर्षभर किंवा अधिक काळ मुरते. बाटलीच्या तळाशी थोडा गाळ उरतो.