आपल्याच राजाविरुद्ध : प्रस्तावना

१७७० साली न्यूयॉर्कच्या लोकांनी आपल्या गावात राजा तिसऱ्या जॉर्जचा पुतळा उभारला. पुतळा शिशाचा होता, घोड्यावर स्वार असलेला, वरून सोन्याचा मुलामा दिलेला. मुद्रांकाचा जाचक कायदा रद्द झाल्याची कृतज्ञता त्यामागे होती. सहाच वर्षांनी, ९ जुलै १७७६ रोजी, त्याच गावातल्या जमावाने दोर लावून तो पाडला. त्याचे शिसे कनेटिकटमधल्या लिचफील्डला नेऊन वितळवले गेले आणि त्यातून राजाच्या फौजेवर झाडायच्या गोळ्या ओतल्या गेल्या. या सहा वर्षांत माणसांच्या मनात काय घडले, हा प्रश्न ज्यांना अस्वस्थ करील त्यांच्यासाठी हे पुस्तक आहे.

मराठी वाचकांना या विषयाच्या दारात एक शब्द अडवतो, तो म्हणजे ‘वसाहत’. हा शब्द ऐकला की आपल्यापुढे परके राज्यकर्ते आणि त्यांच्या अमलाखालची इथली माणसे उभी राहतात. ते चित्र वाचकांनी थोडा वेळ बाजूला ठेवावे. उत्तर अमेरिकेच्या तेरा वसाहतींत बंड करणारे लोक स्वतःच समुद्रापलीकडून आलेले, किंवा तसे आलेल्यांचे वंशज होते. त्यांच्या पुढाऱ्यांची भाषा, कायदा आणि अभिमानाची परंपरा इंग्लंडचीच होती. आपण इंग्लिश आहोत आणि म्हणून आपल्या संमतीवाचून आपल्यावर कर बसू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या बंडाची सुरुवात अशी निष्ठेतून झाली, आणि मला या विषयाची सर्वांत मोठी ओढ वाटते ती याचमुळे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १७६३ साली सात वर्षांचे युद्ध संपले, फ्रान्स हरला, पण ब्रिटनचे सरकारी कर्ज जवळजवळ दुप्पट झाले होते. अमेरिकेतल्या फौजेचा काही खर्च तिथल्या लोकांनी उचलावा, असे लंडनला वाटले. १७६५ च्या कायद्याने दस्तऐवज, वर्तमानपत्रे, इतकेच काय खेळायच्या पत्त्यांवरही मुद्रांक लागला. रक्कम मोठी नव्हती. पण हा कर नेमका वकील आणि छापखानेवाले यांच्यावर पडला. म्हणजे ज्यांना तक्रार मांडता येत होती आणि जे ती छापू शकत होते, त्यांच्यावर. पुढच्या वर्षी कायदा मागे घेतला गेला, मात्र त्याच वेळी पार्लमेंटने दुसरा कायदा करून वसाहतींवर हवा तो कायदा लादण्याचा आपला हक्क नोंदवून ठेवला. १७६७ मध्ये काच, कागद, रंग, शिसे आणि चहा यांवर जकात आली. बहिष्कार झाला. बायका घरोघर सूत कातू लागल्या, आणि अंगावरचे जाडेभरडे कापड हे राजकीय मत होऊन बसले. आपल्याला हे दृश्य वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

चहाच्या प्रकरणापाशी मात्र वाचकांनी जरा थांबावे. १७७३ च्या कायद्याने चहा महाग झाला नव्हता, उलट स्वस्त होणार होता. बंगालच्या दुष्काळानंतर ईस्ट इंडिया कंपनी कर्जात बुडाली होती आणि लंडनच्या गोदामांत चहा पडून होता. कंपनीला वाचवण्यासाठी पार्लमेंटने जे उपाय केले, त्यांतलाच एक आपण शाळेत पाठ केलेला १७७३ चा रेग्युलेटिंग ॲक्ट. दुसरा हा चहाचा कायदा. कलकत्त्याचा कारभार आणि बॉस्टनचे बंदर एकाच वर्षी, एकाच कंपनीपायी एका सूत्रात ओवले गेले. स्वस्त चहा प्यायचा म्हणजे त्यावरची जुनी जकात मुकाट्याने मान्य करायची, हे बॉस्टनच्या लोकांनी ओळखले. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री सुमारे ३४० पेट्या समुद्रात गेल्या. पैसे वाचत असतानाही माणसे तत्त्वासाठी नुकसान सोसतात, ही गोष्ट केवळ करांच्या आकड्यांतून कधीच उलगडणार नाही.

शिक्षा म्हणून १७७४ मध्ये बॉस्टनचे बंदर बंद झाले. तेव्हा दूरच्या दक्षिण कॅरोलायनातून तिथे तांदूळ आला. एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या वसाहतींना आपण एक आहोत असे प्रथम वाटले ते इथे. १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्सिंग्टन येथे युद्धाची पहिली गोळी सुटली.

निष्ठेतून बंड कसे उपजले, या कोड्याकडे अभ्यासकांनी निरनिराळ्या वाटांनी पाहिले आहे. कार्ल बेकर यांनी १९०९ मध्ये विचारले, की भांडण केवळ स्वराज्याचे होते, की घरात सत्ता कोणाची याचेही? बर्नार्ड बेलिन यांनी १९६७ मध्ये त्या काळातल्या शेकडो पत्रकांतून वसाहतींची भीती वाचून दाखवली. पुढच्या पिढीने खलाशी, बायका आणि गुलाम यांच्याकडे नजर वळवली. सुरुवात करायला यांतली कोणतीही वाट चांगली. फक्त एकीवरच थांबू नये.

कारण हे स्वातंत्र्य कोणाचे, हा प्रश्न टाळता येत नाही. तेरा वसाहतींत दर पाच माणसांमागे जवळपास एक गुलाम होता. १७७५ मध्ये व्हर्जिनियाच्या गव्हर्नरने बंडखोरांच्या गुलामांना जाहीर सांगितले, की राजाच्या फौजेत या आणि मुक्त व्हा. अनेक जण गेले. त्यांना मुक्ती राजाकडे दिसत होती. मूळ रहिवाशांच्या जमिनींचा घास या स्वातंत्र्यानंतर अधिकच वेगाने घेतला गेला. बंडाच्या पुढाऱ्यांच्या घरांतही फूट पडली: बेंजामिन फ्रँकलिनचा मुलगा विल्यम अखेरपर्यंत राजाशी एकनिष्ठ राहिला आणि बापलेकांचे नाते कायमचे तुटले. आपल्या जोतीराव फुल्यांनी स्वातंत्र्य आणि गुलामी हे दोन्ही धागे हाती धरले होते. ज्या टॉमस पेनच्या लेखणीने १७७६ च्या आरंभी वसाहतींना स्वातंत्र्याची भाषा दिली, त्याचेच ‘राइट्स ऑफ मॅन’ त्यांनी तरुणपणी वाचले. पण १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना. तुम्ही या विषयात आलात तर त्यांच्या या निवडीपाशी पुन्हा पुन्हा याल.

वाचनाबद्दल एक विनंती. शेवट ठाऊक आहे हे शक्य तितके विसरून वाचा. १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आधी उघडू नका. त्याच्या वर्षभर आधी, जुलै १७७५ मध्ये, तो जाहीरनामा काढणाऱ्या वसाहतींच्या प्रतिनिधी सभेनेच राजाला पाठवलेला समेटाचा नम्र अर्ज वाचा. जॉन हॅनकॉक, फ्रँकलिन, जॉन ॲडम्स यांच्या सह्या दोन्ही कागदांवर आहेत. अर्ज मुख्यतः लिहिला तो जॉन डिकिन्सनने. जाहीरनाम्यावर त्याने सही केली नाही. अजून वेळ आलेली नाही, असे त्याचे मत होते. आणि त्यानंतर काही दिवसांतच तो पेनसिल्व्हेनियाच्या पलटणीबरोबर राजाच्या फौजेशी लढायला निघाला.