बारा व्होल्टची बॅटरी : दाब थोडा, प्रवाह मोठा

भंडारा जिल्ह्यातील एकोडीसारख्या धानाच्या गावात वीज गेली, की ट्रॅक्टरची बॅटरी आपल्याला आठवते. १९८७-८८ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ चालू असताना वीज नसलेल्या अनेक गावांत १२ व्होल्टवर चालणारे कृष्णधवल संच अशाच बॅटरीला जोडले जात. आता तिच्यावर मोबाइल चार्ज होतो. पण ही बॅटरी मुळात या कामासाठी घडलेली नाही.

फ्रान्सच्या गास्ताँ प्लान्ते यांनी १८५९ मध्ये शिसे-आम्ल घट तयार केला. १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीत विजेचा स्टार्टर आला आणि या घटाला नवे काम मिळाले. इंजिन फिरवायला क्षणभर शेकडो अँपिअर प्रवाह लागतो, म्हणून मोटारीच्या बॅटरीचा अंतर्गत रोध अत्यल्प ठेवतात. तिचा गुण तोच आणि धोकाही तोच. १२ व्होल्टचा झटका कोरड्या हाताला जाणवत नाही. मात्र दोन टोकांवर पाना आडवा पडला तर तो भाजण्याइतका तापतो. चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा ठिणगीही घातक ठरते.

मोटारीतल्या जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओला दीड-दोनशे व्होल्ट लागत, म्हणून दाब चढवावा लागे. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि पुढे प्रश्न उलटा झाला : आता दाब उतरवायचा! तोही स्थिर नसतो. इंजिन चालू असताना तो १४ व्होल्टपर्यंत जातो.

मोबाइलला ५ व्होल्ट, १ अँपिअर द्यायचे आहेत असे समजू. उरलेले ९ व्होल्ट साध्या नियामकाने अडवले, तर ९ वॉट नुसत्या उष्णतेत जातात आणि मोबाइलला मिळतात ५ वॉट. आजचे मोटार-चार्जर सेकंदाला हजारो वेळा प्रवाह चालू-बंद करून ही नासाडी टाळतात. त्यांना बॅटरीकडून जेमतेम अर्धा अँपिअर पुरतो.

मग २ अँपिअरचा फ्यूज कोठे बसवावा? हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. बरीच मुले ‘मोबाइलजवळ’ म्हणतील. पण वाटेत तार घासून उघडी पडली व धातूला टेकली, तर शेकडो अँपिअर त्या तारेतूनच वाहतील आणि फ्यूजला पत्ताही लागणार नाही. म्हणून फ्यूज बॅटरीच्या धन टोकाला लागूनच हवा. त्याने आधी तार वाचते, आणि तारेबरोबर घरही.