छावणी, शेती आणि सत्ता : देवळाली कॅम्पच्या संदर्भात मानवी भूगोलातील काही मूलभूत संकल्पनांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मानव आणि त्याचे पर्यावरण यांतील परस्परसंबंधांचा स्थलकालसापेक्ष अभ्यास म्हणजे मानवी भूगोल होय. पदवी स्तरावरील अभ्यासक्रमात या विषयाची मांडणी आर्थिक भूगोल, कृषी भूगोल आणि राजकीय भूगोल अशा स्वतंत्र प्रकरणांत केली जाते. अध्यापनाच्या दृष्टीने ही विभागणी सोयीची असली तरी प्रत्यक्ष भूपृष्ठावर ही तीन प्रकरणे वेगळी नसतात. एखाद्या गावात बाजार कोठे भरतो, रानात कोणते पीक घेतले जाते आणि जमिनीच्या कागदावर कोणाचे नाव असते हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. या गुंतागुंतीचे एक बोलके उदाहरण म्हणून नाशिक जिल्ह्यातील देवळाली कॅम्पकडे पाहता येते. एकोणिसाव्या शतकात लष्कराने आखलेल्या एका सीमारेषेने येथील वस्ती, व्यापार, शेती आणि नागरी हक्क यांना कसा आकार दिला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्यासाठी वर्णनात्मक व ऐतिहासिक अभ्यासपद्धतीचा अवलंब केला आहे.

स्थान आणि स्थिती

वसाहतीच्या अभ्यासात ‘स्थान’ व ‘स्थिती’ या दोन संकल्पनांत फरक केला जातो. स्थान म्हणजे वस्ती ज्या भूमीवर उभी आहे तिचे गुणधर्म, तर स्थिती म्हणजे इतर ठिकाणांच्या संदर्भात त्या वस्तीचे असणे. देवळालीचे स्थान अनुकूल आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० फूट उंची, कोरडी हवा, पाण्याचा निचरा होणारी पठारी जमीन आणि जवळून वाहणारी दारणा नदी ही त्याची वैशिष्ट्ये होत. तथापि असे गुण दख्खनच्या पठारावरील अनेक गावांना लाभले आहेत. देवळालीला वेगळेपण दिले ते तिच्या स्थितीने.

१८५७ च्या उठावानंतर भारतातील गोऱ्या सैन्याची संख्या वाढविण्यात आली. या सैनिकांचा मृत्यू रणांगणापेक्षा रोगराईने अधिक होत असे. सैन्याच्या आरोग्यस्थितीची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाचा अहवाल १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १८६४ मध्ये छावण्यांसंबंधीचा कायदा आला. याच सुमारास, १८६५ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने थळ घाटाचा चढ पार केल्याने मुंबई बंदर व नाशिकचे पठार सलग लोहमार्गाने जोडले गेले. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला होऊन इंग्लंड ते मुंबई हा प्रवास आखूड झाला. बंदरापासून काही तासांच्या अंतरावर, परंतु बंदराच्या दमट हवेपासून दूर, अशी जागा लष्कराला हवी होती. देवळाली या अटीत बसली आणि सैन्याचा संक्रमण तळ म्हणून ती पुढे आली.

विलायतेहून उतरलेले सैनिक येथून देशभर पाठविले जात आणि सेवेची मुदत संपलेले सैनिक परतीच्या जहाजाची वाट पाहत येथे थांबत. सैन्याची वाहतूक करणारी जहाजे मुख्यतः हिवाळ्याच्या हंगामात येत असल्याने ज्यांचे जहाज चुकले त्यांना पुढील हंगामापर्यंत महिनोन्‌महिने रिकामे बसावे लागे. डोके फिरलेल्या माणसासाठी इंग्रजी बोलीत रूढ झालेला ‘डूलॅली’ हा शब्द देवळालीच्याच नावाचा अपभ्रंश आहे. एका मराठी गावाचे नाव परक्या भाषेत वेडाचा पर्याय ठरावे, हे भूगोलाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. गावाची ही ओळख गावकऱ्यांनी घडविलेली नव्हती. रेल्वे व जहाजांच्या वेळापत्रकाने ती घडविली होती.

आर्थिक पाया आणि बाजार

आर्थिक भूगोलात नगराच्या ‘आर्थिक पाया’ची संकल्पना मांडली जाते. नगरात बाहेरून पैसा आणणारे व्यवसाय हे मूलाधार व्यवसाय, तर त्या पैशावर चालणारी दुकाने व सेवा हे पूरक व्यवसाय. देवळाली कॅम्पचा मूलाधार लष्कर हा होता. सैनिकांचा पगार आणि लष्कराची खरेदी यांवर शिंपी, धोबी, खाटीक, किराणा व्यापारी व कंत्राटदार यांचा सदर बाजार उभा राहिला. वॉल्टर ख्रिस्टलर यांनी १९३३ मध्ये मांडलेल्या केंद्रीय स्थान सिद्धांतानुसार बाजारपेठ आपल्या भोवतालच्या ग्रामीण प्रदेशाच्या गरजांतून निर्माण होते. छावणीचा बाजार मात्र उलट क्रमाने वाढला. ग्राहक बाहेरून आणून बसविला गेला आणि भोवतालची गावे नंतर त्या बाजाराशी जोडली गेली.

या पायावर पुढे इतर थर चढले. कोरड्या हवेमुळे मुंबईच्या पारशी व गुजराती कुटुंबांनी लॅम रोड परिसरात बंगले व आरोग्यधामे बांधली. १९२५ मध्ये बार्न्स स्कूल देवळालीत सुरू झाले. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांसाठी येथे छावणी उघडण्यात आली आणि त्यांतील अनेक कुटुंबे येथील व्यापारात स्थिरावली. स्वातंत्र्यानंतर भारतीय सैन्याच्या तोफखाना प्रशिक्षणाचे प्रमुख केंद्र म्हणून देवळालीचे महत्त्व कायम राहिले.

उद्योगांच्या स्थाननिश्चितीसंबंधी आल्फ्रेड वेबर यांनी १९०९ मध्ये वाहतूक खर्च, मजुरी व एकत्रीकरण हे घटक सांगितले. परंतु १९२० च्या दशकात नाशिकरोड येथे उभे राहिलेले प्रतिभूती मुद्रणालय व चलनी नोटांचे मुद्रणालय किंवा १९६४ मध्ये ओझर येथे सुरू झालेला विमान कारखाना यांचे स्पष्टीकरण केवळ या घटकांनी होत नाही. येथे शासन हाच स्थाननिश्चितीचा निर्णायक घटक ठरतो. आर्थिक भूगोलाचे प्रकरण अशा रीतीने राजकीय भूगोलाच्या प्रकरणात शिरते.

शेती : वलये, पाणी आणि दूरचा बाजार

योहान हाइनरिख फॉन थ्यूनेन यांनी १८२६ मध्ये कृषिवलयांचा सिद्धांत मांडला. बाजारपेठेच्या निकट दूध व भाजीपाला यांसारखी नाशवंत उत्पादने, त्यापलीकडे इंधन, धान्य आणि शेवटी पशुपालन अशी समकेंद्री वलये त्यात कल्पिलेली आहेत. छावणीला दूध, भाजीपाला, लाकूडफाटा तसेच घोडे व बैलांसाठी चारा रोज लागत असे. भगूर, लहवित, संसरी, नानेगाव, शेवगे दारणा, बेलतगव्हाण यांसारख्या परिसरातील गावांकडे या सिद्धांताच्या दृष्टीने पाहिल्यास छावणी हे एका छोट्या कृषिवलयाचे केंद्र ठरते.

परंतु थ्यूनेन यांनी गृहीत धरलेले ‘एकाकी राज्य’ नाशिक जिल्ह्यात कधीच नव्हते. लोहमार्गाने मुंबईचा बाजार जवळ आणला आणि वलये वर्तुळाकार न राहता लोहमार्गाच्या दिशेने ताणली गेली. पुढे कांद्यासाठी लासलगाव हे केंद्र बनले व तेथील बाजार समिती १९४७ मध्ये स्थापन झाली. द्राक्षांना मुंबईबरोबरच परदेशी बाजारपेठ मिळाली. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी धोरण जाहीर केले. आज या परिसरातील द्राक्षबागायतदाराचे उत्पन्न छावणीतील ग्राहकापेक्षा दूरच्या मागणीवर आणि निर्यातीसंबंधीच्या निर्णयांवर अधिक अवलंबून आहे.

शेतीचा दुसरा आधार पाणी. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळांनंतर पहिल्या सिंचन आयोगाच्या काळात दख्खनमधील संरक्षक सिंचनाला चालना मिळाली. इगतपुरी तालुक्यात नांदगावजवळ दारणा नदीवर बांधलेले धरण १९१६ मध्ये पूर्ण झाले. इंग्रजी अमदानीत या जलाशयाला ‘लेक बील’ असे नाव होते. येथे साठविलेले पाणी नदीपात्रातून नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यात जाते व तेथून गोदावरीच्या डाव्या-उजव्या कालव्यांद्वारे निफाड, कोपरगाव, राहाता या भागांत पोहोचते. त्या पाण्यावर ऊस आला, उसावर साखर कारखाने आले आणि सहकारी कारखान्यांच्या भोवती जिल्ह्याचे नेतृत्व उभे राहिले. दुष्काळात धान्य वाचविण्यासाठी योजलेले पाणी नगदी पिकाकडे आणि त्यातून सत्तेकडे वळले, हा पश्चिम महाराष्ट्राच्या कृषी भूगोलातील महत्त्वाचा अध्याय आहे.

दारणेच्या पाण्याचा प्रश्न येथे संपत नाही. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या पैठणच्या जायकवाडी धरणात पाणी पोहोचावे म्हणून ऊर्ध्व खोऱ्यातील धरणांतून विसर्ग करण्याचा वाद २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यानंतर तीव्र झाला. नदीखोरे ही नैसर्गिक सीमा आणि तालुका-जिल्हा ही प्रशासकीय सीमा यांतील विसंगती या वादाच्या मुळाशी आहे.

सीमा, भूमी आणि नागरिक

फ्रेडरिक रॅट्झेल यांनी १८९७ मध्ये राजकीय भूगोलाची पद्धतशीर मांडणी करताना राज्य व भूमी यांच्या नात्यावर भर दिला. सीमा म्हटली की देशाची सीमा डोळ्यांसमोर येते. सामान्य माणसाच्या जीवनात मात्र अंतर्गत सीमा अधिक परिणामकारक असतात. ‘वडनेर दुमाला’ या शेजारच्या गावाच्या नावातील ‘दुमाला’ हा शब्द त्या गावाचा महसूल कधीकाळी सरकारऐवजी इनामदाराकडे जात असल्याची साक्ष देतो. जमिनीवर एकाहून अधिक सत्तांचा हक्क असणे या भागाला छावणीपूर्वीपासून परिचित होते. छावणीने त्याचे नवे रूप आणले.

१९२४ च्या छावणी कायद्यानंतर आलेल्या छावणी भूमी प्रशासनाच्या १९२५ व १९३७ च्या नियमांनी छावणीतील जमिनीचे वर्गीकरण केले. ‘अ’ वर्गातील जमीन लष्कराच्या प्रत्यक्ष वा राखीव उपयोगाची, ‘क’ वर्गातील जमीन छावणी मंडळाकडे सोपविलेली, तर ‘ब’ वर्गात शासकीय खात्यांकडील व खासगी व्यक्तींना दिलेली जमीन येते. त्यातील ब-३ या प्रकारात घर रहिवाशाच्या ताब्यात असते, परंतु भूमीवरील शासनाचा मालकी हक्क अबाधित राहतो. अशा जागेवर तीन पिढ्या दुकान चालविणाऱ्या कुटुंबालाही बांधकाम, दुरुस्ती वा हस्तांतरण यांसाठी परवानगी लागते. सीमेबाहेरील शेतकरीही या रेषेपासून मुक्त नाही. १९०३ च्या संरक्षण कार्यविषयक कायद्यान्वये लष्करी आस्थापनांच्या भोवती बांधकामावर निर्बंध घालता येतात. १९३८ च्या कायद्यान्वये अधिसूचित क्षेत्रात तोफांचा सराव करता येतो व पिकाच्या नुकसानीची भरपाई द्यावी लागते. म्हणजे लष्कराची रेषा नकाशावर एक असली तरी तिचा प्रभाव शेजारच्या रानापर्यंत पोहोचतो.

प्रतिनिधित्वाच्या बाबतीतही हाच अनुभव येतो. मूळ देवळाली गाव १९८२ मध्ये स्थापन झालेल्या नाशिक महानगरपालिकेत समाविष्ट आहे. देवळाली कॅम्पचा कारभार मात्र छावणी मंडळाकडे आहे आणि त्याचा अध्यक्ष लष्करी अधिकारी असतो. २००६ च्या कायद्याने छावणी मंडळांना काही प्रयोजनांसाठी नगरपालिकेचा दर्जा मानला. तथापि २०२१ मध्ये देशातील बहुतेक मंडळांची मुदत संपल्यावर निर्वाचित सदस्यांऐवजी एका नामनिर्देशित नागरी सदस्यासह कारभार चालविण्यात आला आणि २०२३ मध्ये जाहीर झालेली निवडणूक रद्द करण्यात आली. पन्नास हजारांहून अधिक लोकसंख्येच्या वस्तीतील रहिवासी आमदार व खासदार निवडू शकतो, परंतु आपल्या गल्लीतील गटारासाठी जबाब विचारावा असा निवडून आलेला सदस्य त्याला मिळत नाही, अशी विसंगत स्थिती त्यातून निर्माण झाली.

एप्रिल २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशातील खास योल छावणीचा नागरी भाग वेगळा करण्यात आला व इतर छावण्यांच्या नागरी भागांचे लगतच्या नगरपालिकांत विलीनीकरण करण्याचे धोरण पुढे आले. २०२४ मध्ये केंद्र शासनाने त्याची मार्गदर्शक तत्त्वे ठरविली. नागरी सुविधांच्या मालमत्ता राज्य शासनाकडे वा नगरपालिकेकडे विनामूल्य द्याव्यात, मात्र जेथे लागू असेल तेथे भूमीवरील हक्क केंद्र शासनाकडेच राहावा, असे त्यांचे स्वरूप आहे. प्रशासनाची रेषा पुसली तरी मालकीची रेषा कायम राहू शकते, असा याचा अर्थ होतो.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. देवळाली कॅम्पचा उदय स्थानापेक्षा स्थितीमुळे झाला. रेल्वे, बंदर व साम्राज्याची लष्करी गरज हे त्याचे निर्णायक घटक होत.

२. केंद्रीय स्थान, उद्योगस्थान व कृषिवलय यांविषयीचे सिद्धांत येथे अंशतःच लागू पडतात, कारण ते बाजाराला मूळ प्रेरणा मानतात. देवळालीत मूळ प्रेरणा सत्तेची होती व बाजार तिच्यामागून आला.

३. पाणी व भूमी या दोन्हींच्या बाबतीत उपभोग घेणारा आणि निर्णय घेणारा यांच्यातील अंतर हे या परिसराचे सातत्याने आढळणारे वैशिष्ट्य आहे.

४. नागरी भागाचे विलीनीकरण करताना मतदानाचा हक्क व भूमीचा हक्क यांचा विचार एकत्रितपणे होणे आवश्यक आहे. केवळ कर आकारणारे कार्यालय बदलल्याने रहिवाशाचे भूमीशी असलेले नाते बदलणार नाही.

दीडशे वर्षांपूर्वी जहाजाची वाट पाहणाऱ्या सैनिकांसाठी ही रेषा आखली गेली. ते सैनिक केव्हाच निघून गेले, तोफखान्याची गरज मात्र आजही खरी आहे आणि देशाच्या सुरक्षिततेसाठी ती मान्यच करावी लागेल. परंतु ज्यांच्या श्रमावर छावणीचा बाजार व भोवतालची शेती उभी राहिली, ते लोक येथे कोणाच्याही जहाजाची वाट पाहत थांबलेले नाहीत. ते येथेच राहणार आहेत. म्हणून नव्या सीमा आखताना त्यांची गणना केवळ लोकसंख्या म्हणून न होता भूमीचे हक्कदार म्हणून व्हावी, हीच देवळालीच्या इतिहासाची शिकवण आहे.