पालगडचा श्याम पडद्यावर

साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ आचार्य अत्रे यांनी १९५३ साली पडद्यावर आणली. ते पाहायला गुरुजी नव्हते; १९५० मध्येच ते गेले होते.

कोकणातल्या पालगडचं कर्जात बुडत चाललेलं घर. श्याम पोहायला घाबरून लपतो, तेव्हा आईच त्याला मार देऊन विहिरीवर धाडते. माधव वझे यांचा भित्रा, हट्टी, हळवा श्याम अशा प्रसंगांतून मोठा होत जातो, म्हणून तो पुस्तकी वाटत नाही. वनमाला यांच्या आईत मायेइतकीच जरब आहे. चित्रपटाचं खरं बळ या जोडीत आहे.

१९५४ मध्ये पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, ते याच मराठी चित्रपटाला.