शॉक ॲब्सॉर्बरची गळती : निदान आणि बदल

पावसाळा सरला की गॅरेजांमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते. गाडी खड्ड्यातून गेली की धाडकन आवाज येतो आणि मेकॅनिक चाकामागे डोकावून सांगतो, ‘शॉकअप लीक झालेत, चारही बदला.’ हा खर्च छोट्या मोटारीलाही काही हजारांच्या घरात जातो. त्यामुळे निदान खरे आहे की नाही, याची खातरजमा वाहनधारकाने स्वतः केलेली बरी.

गाडीचे वजन शॉक ॲब्सॉर्बर पेलतो, हा सर्वसाधारण समज चुकीचा आहे. वजन पेलते ती स्प्रिंग. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग मोकळी सोडली तर ती बराच वेळ वरखाली होत राहील; तिला आवर घालणे हे शॉक ॲब्सॉर्बरचे काम. त्याच्या नळकांड्यात तेल असते आणि त्या तेलातून झडपा बसवलेला दट्ट्या सरकतो. बारीक छिद्रांतून तेल जाताना होणाऱ्या विरोधामुळे हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलते. अलीकडच्या बहुतेक शॉक ॲब्सॉर्बरमध्ये तेलाला फेस येऊ नये म्हणून नायट्रोजन वायूही दाबाखाली भरलेला असतो.

हे तेल आत राखते ते दांड्याभोवतीचे सील. दांड्यावर गुळगुळीत क्रोमचा मुलामा असतो. त्यावरील रबरी आवरण फाटले की चिखल व रेतीचे कण दांड्यावर बसतात, मुलाम्याला ओरखडे पडतात आणि तोच ओरखडलेला दांडा सील कापू लागतो. क्षमतेपेक्षा जास्त भार आणि वेग कमी न करता ओलांडलेले गतिरोधक ही प्रक्रिया लवकर घडवून आणतात.

निदानात खरी गफलत होते ती येथे. दांडा वर-खाली होताना सीलमधून तेलाचा अत्यंत पातळ थर बाहेर येतोच, कारण सीलला वंगण लागते. त्यावर धूळ बसून नळकांड्याचा वरचा भाग किंचित ओलसर, काळपट दिसतो. याला गळती म्हणता येत नाही. तेलाचे ओघळ खालपर्यंत आले असतील, थेंब लोंबत असतील, तर मात्र सील गेले असे समजावे. शंका असल्यास नळकांडे फडक्याने कोरडे पुसून गाडी चार-सहा दिवस चालवावी आणि पुन्हा पाहावे. ओघळ पुन्हा दिसले तर प्रश्न मिटला.

ओले दिसते ते शॉक ॲब्सॉर्बरचेच तेल आहे का, हेही पाहावे लागते. चाकाच्या आतल्या बाजूस दाट काळे ग्रीस उडालेले असेल, तर ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट फाटलेले असण्याची शक्यता अधिक. ब्रेक ऑइलची गळती असेल तर गाडी चालवूच नये.

बॉनेटचा कोपरा दाबून सोडण्याची चाचणी सर्वपरिचित आहे. गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक, झोके घेत राहिली तर शॉक ॲब्सॉर्बर निकामी. पण अर्धवट खराब झालेला शॉक ॲब्सॉर्बर या चाचणीत सहज उत्तीर्ण होतो, त्यामुळे तिच्यावर फार विसंबू नये. टायरवरून तळहात फिरवल्यास ठिकठिकाणी झीज होऊन उंचसखलपणा जाणवणे, ही अधिक बोलकी खूण. तेल गळत नसूनही लहान खड्ड्यांत खडखड होत असेल, तर स्टॅबिलायझर लिंक, बुश किंवा वरचे माउंट आधी तपासून घ्यावे.

गळका शॉक ॲब्सॉर्बर केवळ बसणाऱ्यांना हादरे देतो असे नाही. चाक रस्त्यावरून उसळत राहते, आणि हवेत असलेल्या चाकाला ब्रेक लागून उपयोग नसतो. घाटातील ओल्या, उखडलेल्या वळणावर हा फरक जीवघेणा ठरू शकतो.

गळका शॉक ॲब्सॉर्बर तेल भरून ‘रिपेअर’ करून देणारे अनेक आहेत, पण हा भाग सीलबंद असतो आणि ओरखडलेला दांडा नवे सीलही फार काळ टिकू देत नाही. बदल करावा तो जोडीने, म्हणजे पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही. एकच बदलल्यास दोन्ही बाजू वेगवेगळ्या प्रतिसाद देतात. चारही बदलण्याची मात्र नेहमीच गरज नसते.

स्प्रिंगपासून वेगळा बसवलेला मागचा शॉक ॲब्सॉर्बर बदलणे सोपे असते. मारुती ८०० पासून आजच्या बहुतेक मोटारींपर्यंत पुढच्या बाजूस जी मॅकफर्सन स्ट्रट रचना आढळते, तेथे प्रकरण वेगळे आहे. तीत स्प्रिंग स्ट्रटभोवतीच दाबून बसवलेली असते. कॉम्प्रेसरने ती आवळल्याशिवाय मधला नट सोडल्यास स्प्रिंग गोळीसारखी उसळते. हा हौशी प्रयोगाचा विषय नव्हे.

नव्या भागाबरोबर बंप स्टॉप व धुळीचे आवरणही नवे घ्यावे. माउंट झिजले असल्यास तेही. बसवताना दांडा पक्कडीने पकडू दिला तर नव्या सीलचा निकाल पहिल्याच महिन्यात लागतो. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवरून उतरवून, तिचा भार चाकांवर आल्यावरच अखेरचे आवळावेत. अन्यथा बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहून लवकर फाटतात. स्ट्रट बदलल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे लागते, तो खर्च आधीच हिशेबात धरावा. जुने भाग भंगारात देताना ते कापू वा तापवू नयेत, कारण आतील वायू दाबाखालीच असतो.